नगरला टाळ्या वाजत नाहीत

निवेदिता नेवासकरला जॅझमधलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ट्रम्पेट रिक्षात मावतो आणि डबल बास टेम्पोतच न्यावा लागतो, एवढंच तिचं संगीतशास्त्र. तरी पुण्या-मुंबईच्या जॅझवाल्यांना नगरला कार्यक्रम करायचा असला की ते ज्या नंबरवर फोन करतात, तो फोन तिच्या पर्समध्ये असतो. नंबर मात्र तिचा नाही. तिच्या नवऱ्याचा आहे.

नवरा, अनीश, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. कंपनीने त्याला एकदा आठ महिने जर्मनीला पाठवला. तिथून तो दोन किलो चॉकलेटं, कधीच अंगात न घातलेलं एक जाकीट आणि हे वेड घेऊन परत आला. मग दर रविवारी सकाळी सावेडीच्या त्या फ्लॅटमध्ये पोह्यांच्या वासाबरोबर ट्रम्पेट घुमायला लागला. वडील, म्हणजे दत्तोपंत, घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात, गॅलरीतून सांगायचे, "यांची वाद्यं लावून झाली आणि गाणं सुरू झालं, की मला हाक मार रे." अनीश हसायचा. निवेदिताही हसायची, आणि मिक्सर लावायची.

नगरला एक तरी कार्यक्रम करायचाच, असं अनीशच्या डोक्यात बसलं होतं. आपलं गाव कसं, तर बोर्डावर अहिल्यानगर लागलं तरी तोंडात अजून नगरच. इथे नवं काही रुजायला वेळ लागतो. पण हा हट्टी. त्याने सावेडीतला एक हॉल घेतला, पुण्याच्या रेश्मा पाटोळेचा चौघांचा बँड ठरवला आणि फेब्रुवारीतला दुसरा रविवार धरून दीडदोनशे लोकांना व्हॉट्सॲपवर आमंत्रण धाडलं. 'अनीश नेवासकर आपणांस आग्रहाने बोलावीत आहे.'

तेवीस जानेवारीला सकाळी तो कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करून चार पावलं आत गेला आणि खाली बसला. बसला तो उठलाच नाही. बेचाळीस वर्षांचा होता.

पुढचे तेरा दिवस सगळं इतरांनी केलं. नातेवाइकांना दिरानं कळवलं, कंपनीत आणि मित्रांना भागवतनं. हा भागवत म्हणजे सोनईचा, अनीशच्याच खात्यातला, रोज एका डब्यात जेवणारा. आलेली माणसं निवेदितासमोर बसून तिलाच सांगायची की अनीश गेला. ती ऐकून घ्यायची. तिच्या तोंडून ते वाक्य एकदाही बाहेर पडावं लागलं नाही. ती रडलीही नाही. "धक्का बसलाय तिला," असं शेजारच्या काकू खाली जाऊन सांगत. त्यात थोडी निराशाच असायची, कारण त्या रुमाल घेऊन आलेल्या असत.

धक्का वगैरे तिला काही जाणवत नव्हतं. काहीच जाणवत नव्हतं. दूध आलं की ती तापवायची. दुपारी वाळलेले कपडे काढायची, त्यात अनीशचा एखादा शर्ट निघाला तर घडी घालून कपाटात ठेवायची. शाळेच्या ऑफिसात ती क्लार्क होती, तिथे दाखले लिहायला पुन्हा जाऊ लागली. अनीशचा फोन मात्र रोज चार्जिंगला लावायची. का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी त्या फोनवर रेश्माचा मेसेज आला. 'दादा, रविवारी दुपारी निघतोय. हॉलचं नक्की ना?'

नाही म्हणायचं, तर का नाही ते लिहावं लागणार होतं. मग तिने लिहिलं, 'हो.' तेवढंच तिच्याने झालं.

इकडे नगरकरांनी आपलं गणित मांडलं होतंच. तेरावा झाल्यावर आठवड्याने, हॉलमध्ये, अनीशच्या नावाचा कार्यक्रम. म्हणजे श्रद्धांजली सभा, दुसरं काय असणार? ते जुनं आमंत्रण लोकांनी एकमेकांना पुन्हा पाठवलं, खाली हात जोडल्याची चित्रं टाकून. रविवारी संध्याकाळी पावणेदोनशे माणसं आली, आणि झाडून सगळी पांढऱ्या कपड्यांत. भागवत तर अनीशचा मोठा फोटो करून आला होता, हारासकट.

"वैनी, स्टेजवर मधोमध ठिवतो," तो म्हणाला.

"गाडीतच राहू दे, भागवत."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग स्टेजवर वाद्यं लावणाऱ्या चौघांकडे बघितलं, आणि फोटो परत नेला. त्याने तेव्हा काही विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

रेश्माने ट्रम्पेट तोंडाला लावला. पहिला तुकडा दणक्यात वाजला आणि संपला. टाळीचा आवाज नाही. ड्रमवाल्याने घाम गाळून पाच मिनिटं एकट्याने वाजवलं. कोणी हूं की चूं नाही. शोकसभेत टाळ्या कोण वाजवणार? लोक मांडीवर हात ठेवून, माना किंचित खाली घालून, दीड तास जागचे हलले नाहीत. शेवटचा सूर विरल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक उठले. त्यांच्या मागोमाग अख्खा हॉल उठला आणि दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिला. स्टेजवरचे चौघे आधी गोंधळले. मग त्यांना वाटलं ही इकडची रीतच असणार. त्यांनीही वाद्यं खाली ठेवून माना झुकवल्या. नंतर लोक रांगेने दाराशी आले, निवेदितासमोर हात जोडून "सांभाळा," म्हणाले आणि गेले.

रेश्मा डोळे पुसत तिच्याकडे आली. "ताई, दहा वर्षं वाजवतेय मी. ग्लासांचे आवाज, लग्नातली पोरं, फोन, सगळं सहन करून. असं ऐकणारी माणसं मला कधी मिळाली नव्हती. अनीशदादा कुठे आहेत? मला त्यांच्या पाया पडायचंय."

"बाहेरगावी गेलेत," निवेदिता म्हणाली.

हे तिने ठरवलं नव्हतं. ते आपोआप निघालं. पण निघाल्यावर तिला एकोणीस दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं. जगात निदान चार माणसं अशी होती, की ज्यांच्या लेखी अनीश फक्त बाहेरगावी होता. त्या चौघांच्या हिशेबात तो परत येणार होता. एवढी जागा तिला पुरली, आणि ती सोडायची तिची तयारी नव्हती.

रेश्माने पुण्यात जाऊन बोभाटा केला. नगरला जा, तिथे लोक टाळ्या वाजवत नाहीत, उभं राहून शांततेची दाद देतात! पुण्याहून संभाजीनगरला जाणाऱ्या बँडना नगर वाटेवरच. अनीशच्या फोनवर मेसेज येऊ लागले, आणि निवेदिता अनीशच्या नावाने उत्तरं देऊ लागली. 'हो. चालेल. रविवार धरा.' कोणी थेट फोनच केला तर म्हणायची, "ते मीटिंगमध्ये आहेत. मी त्यांची मिसेस. बोला." भागवत खुर्च्या, साउंड आणि चहाचं बघायचा. पुढे शिर्डीच्या एका हॉटेलच्या मॅनेजरबाईंनी परदेशी भक्तांसाठी महिन्यातून दोन संध्याकाळी मागितल्या. वर्षभरात काम इतकं वाढलं की तिने शाळेतली नोकरी सोडली. व्यवसाय कसा सुरू केलात, असं एका स्थानिक पेपरवाल्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाही म्हणता आलं नाही." त्याने ते नम्रपणा म्हणून छापलं.

नगरकरांचंही एक होऊन गेलं. पहिल्या वेळी बसले तसेच ते दर वेळी बसू लागले. जॅझ हे असंच ऐकायचं असतं, असं ते धरून चालले. पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका बँक मॅनेजरने मधेच टाळी वाजवली, तर चार रांगांनी मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने हात खिशात घातले. शेवटी दोन मिनिटं उभं राहणंही चालूच राहिलं. ते आता कशासाठी, हे कोणी बोलून दाखवत नसे. पण अनीश गेलाय हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि स्टेजवरच्या कोणालाही ठाऊक नव्हतं. हे पावणेदोनशे माणसांनी दोन वर्षं सांभाळलं. ज्या गावात कुणाच्या घरी नवा फ्रीज आला तरी संध्याकाळपर्यंत तीन गल्ल्यांना कळतं, त्या गावाने हे केलं, म्हणून मला नगरकरांबद्दल वाईट बोलवत नाही.

अप्पा पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीत बसायचे. फोनवर सून काय बोलते ते त्यांना गॅलरीत ऐकू यायचं. 'बाहेरगावी गेलेत' आलं की त्यांच्या हातातला पेपर थोडा खाली यायचा आणि पुन्हा वर जायचा. घरात दोघंच उरलेली, दोघंही वेळेवर जेवणारी. अनीशचं नाव त्या घरात कोणी घेत नव्हतं. आल्या-गेल्यासमोर डोळ्यांतून पाणी काढायची सोय अप्पांना नव्हती, कारण आलेला बँडवाला असला तर त्याच्यासमोर मुलगा जिवंत ठेवायचा होता.

गेल्या फेब्रुवारीत रेश्माचा बँड चौथ्यांदा आला. पाच वाजता सुरू झालं. सात वाजून गेले, शेवटची चीज राहिली होती. रेश्माने ट्रम्पेट खाली घेतला आणि माइक ओढला.

"आज माझी एक तक्रार आहे," ती हसत म्हणाली. "मी इथे चार वेळा आले. चारही वेळा अनीशदादांनी बोलावलं आणि चारही वेळा ते गायब! आज ते स्टेजवर आल्याशिवाय मी शेवटचं वाजवणार नाही. कुठे लपलेत? बोलवा त्यांना."

हॉल नेहमीचाच शांत होता. पण ही शांतता निराळी आहे, हे दाराशी उभ्या असलेल्या निवेदिताला कळलं. एकाही माणसाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं नाही.

मागच्या भिंतीशी उभा असलेला भागवत पुढे झाला. "ताई, त्यो कंपनीच्या कामानं भाईर गेलाय. लांब गेलाय. तुमी वाजवा की."

"लांब म्हणजे कुठे? व्हिडिओ कॉल लावू या!" रेश्माने खिशातून फोन काढलासुद्धा.

निवेदिताच्या पर्समध्ये अनीशचा फोन थरथरायला लागला. तिने पर्स पोटाशी घट्ट धरली.

तेव्हा पहिल्या रांगेतून अप्पा उठले. काठी टेकून, स्टेजकडे बघून, वर्गात बोलायच्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाले, "तो प्रवासात आहे. फोन उचलता येणार नाही. पुढच्या वेळी येईल तो. मी सांगतो ना, मी त्याचा बाप आहे."

आता हे अप्पा कोण, तर छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. भाच्याच्या दाखल्यावर जन्मतारीख दहा महिन्यांनी पुढे सरकवून दे, म्हणून सख्ख्या बहिणीने हात जोडले, तरी यांनी दिली नाही. ती बहीण नऊ वर्षं यांच्याशी बोलली नाही. तो माणूस पावणेदोनशे लोकांसमोर, ज्यांतले निम्मे त्याचेच विद्यार्थी, आपला मेलेला मुलगा पुढच्या वेळी येईल म्हणून शब्द देत होता. आणि तो ज्यांच्यासमोर देत होता त्या सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं.

निवेदिताला दोन वर्षांत पहिल्यांदा काही तरी टोचलं. ती शरम होती. आपण आपल्यापुरती एक जागा राखून ठेवली, आणि तिचं भाडं हा म्हातारा भरत राहिला, हे तिला आत्ता दिसलं. ती खुर्च्यांच्या मधून चालत पुढे गेली. स्टेजवर चढली नाही. अप्पांच्या शेजारी उभी राहिली.

"रेश्मा, फोन बंद कर," ती म्हणाली. "अनीश नाहीये. अनीश गेला. तू पहिल्यांदा आलीस त्याच्या एकोणीस दिवस आधी गेला."

आवाज सरळ होता, दाखल्यावरची नावं वाचून दाखवावीत तसा. पर्समधली थरथर थांबली.

रेश्माला कळायला वेळ लागला. तिने समोरच्या रांगांकडे पाहिलं, एकेका चेहऱ्याकडे. "आणि हे सगळे..."

"सगळ्यांना माहीत होतं."

"मग मला मेसेज कोण करत होतं?"

"मी."

"आम्हाला बोलवत कोण होतं, ताई?"

"मीच," निवेदिता म्हणाली. हे तिचं तिलाही नवीन होतं.

अप्पा खाली बसले. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली, चष्मा काढला, आणि मग मोठ्याने, लाज न बाळगता, लहान मुलासारखे रडायला लागले. "अनीश," म्हणाले, "अन्या रे." दोन वर्षं कोंडलेलं नाव होतं ते. कोणी त्यांना गप्प करायला गेलं नाही. निवेदिताने त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसून त्यांचा पाय धरला. तिला रडू येत नव्हतं. पण त्यांच्या पोटरीचा थरथराट तिच्या हातात येत होता, आणि तो येत होता हे तिला कळत होतं.

स्टेजवर चौघांना काय करावं ते सुचेना. शेवटी रेश्मा काठावर येऊन वाकली. डोळे भरले होते, हातात ट्रम्पेट होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "थांबवू का आता?"

निवेदिताने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"हॉल मी आठपर्यंत घेतलाय," ती म्हणाली. "वाजव."