चाखून घेतलेली जीप

आमची पहिली जीप लढाईतून आलेली होती. लढाई संपल्यावर लष्कराने गाड्या लिलावात काढल्या, त्यांतली एक माझ्या यजमानांनी घेतली आणि तिच्या जोरावर मुंबईतली ड्रायव्हरकी सोडून ते नागावला घरी आले. तोवर माझा नवरा मला शिमग्याला आणि गणपतीला भेटायचा, तेही सुटी मिळाली तर. जीप आली आणि माणूस रोज घरी जेवायला येऊ लागला. त्या गाडीवर माझा जीव होता तो यासाठी.

चौल-नागावची माणसं, नारळ, सुपारीची पोती रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचला पोचवायची, हे आमचं काम. रस्ता फारच बिघडला की हे ओहोटी बघून गाडी सरळ पुळणीवर घालत. चारी चाकांना जोर असलेली गाडी, ओल्या वाळूतूनही निघून जायची. मागे बसलेल्या बायका देवाचं नाव घ्यायच्या आणि हे हसायचे. पण समुद्र काही फुकट वाट देत नाही. पाच-सहा वर्षांत त्या खाऱ्या पाण्याने गाडी खालून खाऊन टाकली. एक दिवस सुपारीच्या एका व्यापाऱ्याचा पाय तळाच्या पत्र्यातून आरपार खाली गेला. माणूस वाचला, चप्पल मात्र चौलच्या रस्त्यावर राहिली, आणि पुढे वर्षभर भाडं देताना तो चपलेचा विषय काढत असे.

अलिबागच्या मेस्त्रीने गाडीखाली जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "हिला नवा पत्रा मारला तर पत्रा उरंल, गाडी न्हाय."

त्याच आठवड्यात मुंबईहून ह्यांच्या चुलत भावाचा निरोप आला. गोदीत एक जागा होती, दिवाळीपर्यंत तो ती धरून ठेवणार होता. ह्यांनी माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली काढली. याच ट्रंकेत कपडे भरून ते लग्नानंतर पंधराव्या दिवशी मुंबईला गेले होते.

"ही कशाला काढली?" मी विचारलं.

"बघतो, गंजली न्हाय ना."

दिवाळीच्या आत दुसरी जीप मिळाली नाही तर नवरा परत सणावारी भेटणार, हे कळायला काही ज्योतिषी लागत नव्हता.

कोरी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती. जुन्या जीप कुर्ल्याच्या गॅरेजांत मिळत. नारळी पौर्णिमेनंतर लाँच सुरू झाल्या तसे आम्ही दोघं निघालो. बायको कशाला बरोबर, असं गावाने विचारलंच. पण मेस्त्रीने बजावलं होतं, की समुद्राकाठी फिरलेली गाडी घेऊ नका. ते लोक वरून रंग मारतात, मीठ आत सांध्यात तसंच राहतं. आणि मीठ ओळखणारी जीभ आमच्या घरात एकच होती. माझ्या माहेरी विहिरीचं पाणी वाडीला चालेल की नाही, हे वडील चाखून ठरवत. तो वारसा भावाकडे गेला नाही, माझ्याकडे आला.

कुर्ल्यात पहिली जीप दाखवताना गॅरेजवाल्याने शपथ घेतली, की ही देवळालीची, हिने समुद्र बघितलेलाच नाही. मी पदर खोचला, खाली वाकले, चासीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"बाई, ये गाडी है, लोणचं नाही!" तो ओरडला.

"खारट हाय," मी म्हटलं, आणि आम्ही निघालो.

दुसरी खेप, दुसरी गाडी, खारट. तिसरी, तीही खारट. पहिल्या खेपेनंतर हे धक्क्यावर ज्याला त्याला सांगत सुटले होते, "आमच्या मंडळींना फसवायची कुणाची टाप न्हाय." मलाही चढली होती, खोटं कशाला बोलू? दर खेपेला मी ऐटीत लाँचच्या पुढच्या कठड्याशी बसायची, वाऱ्यावर, पाण्याचे तुषार अंगावर घेत, तपासणीला निघालेल्या साहेबासारखी. तिसऱ्या खेपेला परतताना मात्र हे एवढंच म्हणाले, "कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच."

चौथी खेप दिवाळीच्या तोंडावरची. ती जीप पाहूनच मला बरं वाटलं. ह्यांनी गाडी चालू केली, आवाज ऐकला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला. त्या वेळी मी बोट घालायलाच नको होतं, असं मला घालता घालता वाटलं. घातलं. जिभेला लावलं. खारट.

हे माझ्याकडे बघत होते. मला खोटं बोलता आलं नाही. "खारट हाय वो," मी म्हटलं.

ते खाली उतरले. बॉनेटवरून एकदा हात फिरवला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "गोदीत दर म्हैन्याला पगार तरी मिळंल."

रस्त्यात त्यांनी मला जिलबी घेऊन दिली. चिडले असते तर बरं झालं असतं. त्या जिलबीने मला रडू यायला लागलं. पाक बोटांवरून ओघळला म्हणून मी बोटं चाटली, आणि थांबले. पाकाखाली मीठ लागत होतं. दुसऱ्या हाताने गाडीला काय, जिलबीलाही शिवले नव्हते. त्या हाताचं बोट चाखलं. मीठच.

"तुमचं बोट द्या," मी म्हटलं.

"काय?"

ते पुढे काही बोलायच्या आत मी त्यांचा हात धरला आणि बोट तोंडात घातलं. भर कुर्ल्यात, दिवसाढवळ्या. दोन माणसं थबकून बघू लागली. ह्यांचे कान लाल झाले.

"खारट!" मी ओरडले. "अवो, मीठ गाडीला न्हाय, आपल्याला हाय! लाँचवरून घेऊन येतोय आपण!"

मी पुढे आणि हातात जिलबीचा पुडा घेतलेले हे मागे, असे आम्ही धावत परत गेलो. दुसरंच एक गिऱ्हाईक बॉनेट उघडून आत बघत होतं. मी गॅरेजवाल्याकडे साबण मागितला. त्याने तोही दिला. माझ्याकडून आणखी काय होतंय याची त्याला उत्सुकता असावी. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, धुतलेलं बोट चाखून पाहिलं, मग गाडीखाली अक्षरशः आडवी झाले. चासीच्या चारही कोपऱ्यांत धूळ, जुनं तेल आणि लोखंड. इतकी घाणेरडी चव मी जन्मात घेतली नव्हती आणि इतका आनंदही मला कशाने झाला नव्हता.

"न्हाय खारट!" मी खालूनच सांगितलं.

हे हसायला लागले ते थांबेनातच. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते म्हणाले आणि व्यवहाराचं बोलायला गॅरेजवाल्याकडे वळले. आधीच्या तीन गाड्या कशा होत्या हे देव जाणे. त्यांची आठवण ह्यांनी मला बरीच वर्षं करून दिली, विशेषतः आमटीत मीठ कमी-जास्त झालं की.

पनवेल, पेण करत आम्ही आमच्या जीपने घरी निघालो. धरमतरला गाडी तरीवर चढवून खाडी ओलांडली, तेव्हा मी कठड्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या चुलत भावाला निरोप गेला, की जागा दुसऱ्या कुणाला दे. मग ह्यांनी ट्रंक ओटीवर आणली. तिच्यात दोन सदरे घडी करून ठेवलेले होते. कधी ठेवले, ते मला कळलंही नव्हतं. ते त्यांनी काढून माझ्या हातात दिले. ट्रंकेत जॅक, पाने आणि दोरखंड भरला, आणि ती जीपमध्ये मागच्या बाकाखाली पक्की बसवली.

पुढे आणखी एक जुनी जीप झाली, मग तिसरी. दर वेळी गाडी चाखायला मी गेले, आणि दर वेळी ह्यांनी आधी माझे हात धुवून घेतले. ट्रंक एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जात राहिली. घरात ती परत आली नाही.