सुनंदाचा केक

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि तो तर त्या दिवशी तिथेच ताटली घेऊन उभा होता. तुम्हाला सांगते — पण मध्येच "काळच तसा होता हो" म्हणणार असाल, तर आत्ताच उठा. काळ काय आभाळातून पडतो? आम्हीच होतो ना तो काळ — अंबरनाथच्या कंपनी कॉलनीतल्या आम्ही शिकल्यासवरल्या बायका!

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. शेजारच्या क्वार्टरमध्ये सुनंदा राहायची. तिचा नवरा कंपनीत इंजिनिअर, ती स्वतः बदलापूरला शाळेत शिकवायची. बौद्ध. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे — नुसतं वागत असत. आदल्या वर्षी कॉलनीच्या संमेलनाला तिने रव्याचे लाडू आणले, तर एकेकीला उपास निघाला. ना चतुर्थी, ना एकादशी, आणि उपास! त्याच उपासकरणी पलीकडच्या ताटातल्या कचोऱ्या मात्र चापत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती — हो, माझ्या. म्हणूनच तर पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

मीच तिला म्हटलं, या वर्षी तुझा तो लिंबाचा केक कर. खाऊ देत सगळ्यांना, बोटं चाटू देत, मग मी उभी राहून तुझं नाव सांगते. बघू कुणाकुणाच्या घशात अडकतो!

"नक्की सांगाल ना, वहिनी?" तिने एकदाच विचारलं.

एवढ्या माणसांचा केक घरच्या गोल ओव्हनमध्ये कसला होतोय? तेव्हा दिवाळीची नानकटाई आम्ही उल्हासनगरच्या बेकरीत भाजून आणायचो, तसाच हाही नेला. परसातल्या लिंबांची साल तिने हलक्या हाताने किसली, पांढरं कडू येऊ नये म्हणून. मिश्रण पातेल्यातून रिक्षाने नेलं, बेकिंग पावडर तिथे पोचल्यावर घातली. "भाभी, घर में शादी है क्या?" भट्टीवरच्या सिंधी काकांनी विचारलं, आणि आम्ही दोघी हसलो. मग तिच्या ओट्यावर आयसिंग. लोणी, पिठीसाखर, लिंबाचा रस. फेटून फेटून हात गळून गेले तिचे.

आणि संमेलनात काय झालं? झुंबड उडाली. सुनंदा सुरी घेऊन तुकडे कापत होती, मी वाढत होते. मंडळाच्या अध्यक्षबाई दुसरा तुकडा घेता घेता थांबल्या. "घरचा दिसतोय. कुणाच्या घरचा गं?" चमचा हवेत तसाच. आजूबाजूच्या चार जणीही थांबल्या. सुनंदाने माझ्याकडे बघितलं.

हीच ती वेळ होती ना? मी म्हणाले — "माझ्या."

इथेच संपलं असतं तर मी कदाचित हे सांगितलंही नसतं. पण सुनंदाची सात वर्षांची मुलगी तिथेच होती. ती केवढ्यांदा म्हणाली, "नाही काकू, आईने केलाय! लिंबं मीच तोडली!"

पुन्हा सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. देवाने दुसरी संधी दिली म्हणा. आणि मी काय केलं? हसले. तिचा गाल थोपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खोटं बोलू नये, बाळ."

पोरगी आईकडे बघत राहिली. आई आता सांगेल, असं तिला वाटलं असणार. सुनंदाने सुरी टेबलावर ठेवली, मुलीचा हात धरला आणि ती हॉलबाहेर गेली. "आजकालची मुलं!" अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चमचा तोंडात घातला.

त्यांचा राग मला अजून येतो. फार येतो. पण त्यांनी नुसता प्रश्न विचारला होता. खरं बोलणाऱ्या पोरीला भर सभेत खोटारडी मी ठरवलं. मागे रांग ताटकळली होती, म्हणून सुनंदाने ठेवलेली सुरी मी उचलली आणि उरलेल्यांना केक कापून वाढला.