असोद्याचा पितांबर झुलाल

खानदेशात पाटलांना तोटा नाही. तापीकाठच्या कुठल्याही गावात पारावर जाऊन ‘ओ पाटील’ अशी हाक मारा, बसलेल्यांतले निम्मे तरी मागे वळून पाहतील. झुलाल आणि पितांबर ही नावंही घरोघरची. त्यामुळे आपल्याच नावाचा, आपल्याच बापाच्या नावाचा आणखी एखादा माणूस जगात असेल याचं असोद्याच्या पितांबर झुलाल पाटलाला नवल वाटलं नसतं. पण असा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

तो तीन भावांत धाकटा. थोरले दोघे केळीत आणि कपाशीत रमले, याचा जीव मात्र यंत्रात. पंधरा-सोळाव्या वर्षी तो जळगावला रुपचंदशेठच्या कापसाच्या जिनात भट्टीत लाकडं टाकायला लागला. बॉयलरवरचा जुना माणूस थकला तसा पितांबर हळूहळू त्याच्या जागी आला, आणि देश स्वतंत्र झाला त्या साली मुंबईला जाऊन परीक्षा देऊन बॉयलर चालवण्याचं सर्टिफिकेट घेऊन आला. ते काचेत बसवून त्याने बॉयलरच्या खोलीत खिळ्याला टांगलं. असोद्यात नांगर धरणारे शेकड्यांनी होते, पण वाफेवर हुकूम चालवणारा तो एकटा. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की पहाटे भाकरी बांधून तो पायी जळगावची वाट धरी. शेवंताबाई, त्याची बायको, शेजारणींना सांगे, “यायचं पहिलं लगन इंजिनाशी झालं, मी दुसरेपनाची.”

पन्नास साल सरलं आणि पौषात अमळनेरकडे, बोरी नदीच्या काठच्या एका गावात, जिनाचा बॉयलर फुटला. भिंत कोसळून आणि वाफेने भाजून माणसं मेली. कापूस निवडणाऱ्या बायाही त्यात गेल्या. जादा वाफ बाहेर पडावी म्हणून बॉयलरला झडप असते. काम अडू नये म्हणून मालकाच्या सांगण्यावरून तिला वजन बांधून ठेवलं होतं. पण मालकाने सांगितलेलं कोणी ऐकलं नव्हतं, आणि वजन बांधताना बॉयलरवाल्याला सगळ्यांनी पाहिलं होतं. तो भाजला, पण जगला. पोलिसांनी दवाखान्यातूनच त्याला धरलं. वर्तमानपत्रात नाव आलं: पितांबर झुलाल पाटील.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईचा भाऊ पंडित नशिराबादहून रडत रडत असोद्याला आला. ओट्यावर चढतो तर पितांबर समोर वरण-बट्टी खात बसलेला. पंडित मटकन खाली बसला. खरा प्रकार कळला तेव्हा घरात सगळे हसले. पितांबरही हसला. मग हातातला घास ताटात ठेवून म्हणाला, “त्याची बायको आता खरंच रडत आसीन.”

हंगामाच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, बॉयलर तपासणारे साहेब जळगावला आले. काटा पाहिला, नळ्या पाहिल्या, शेवटी भिंतीवरच्या काचेपाशी थांबले. आपल्याजवळचा कागद काढून त्यांनी दोन्ही नावं ताडून पाहिली.

“अमळनेरकडचा तो तूच का?”

“नाही साहेब. तो वेगळा.”

“नाव?”

“नाव तेच.”

“बापाचं नाव?”

“तेही तेच, साहेब. पण मी असोद्याचा आहे. या जिनाबाहेर कधी कुठं कामाला गेलो नाही. शेठला विचारा.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शेठला विचारलं, शेठने सांगितलंही. पण सर्टिफिकेट रद्द करण्याच्या हुकुमात जो नंबर होता तो पितांबरच्याच सर्टिफिकेटचा होता. मुंबईच्या कचेरीत कोणीतरी एका पितांबरच्या जागी दुसऱ्यावर काट मारली होती. “चूक असेल तर वरून दुरुस्त होईल,” साहेब म्हणाले आणि काचेतला कागद काढून आपल्या पेटीत ठेवला. रिकामी चौकट तेवढी खिळ्यावर राहिली.

रुपचंदशेठने पितांबरला पेढीवर बोलावलं. “पितांबर, तू तो नाहीस हे मला माहीत आहे रे. पण सरकारदरबारी तू तोच आहेस. बिनपरवान्याचा माणूस बॉयलरवर ठेवला तर माझ्या जिनाला टाळं लागेल. दुरुस्ती होऊन येईस्तोवर गाठी ओढ.”

भुसावळहून नवा माणूस आला. पितांबर अंगणात रुईच्या गाठी ओढू लागला. कान मात्र बॉयलरच्या खोलीकडे. एके दिवशी भट्टीचा आवाज त्याला बरा वाटेना, म्हणून दारात जाऊन तो म्हणाला, “भाऊ, पाणी कमी पडतंय बहुतेक. काचनळी बघा एकदा.”

नवा माणूस जागचा हललाही नाही. म्हणाला, “एक फोडून झाला, आता माझा फोडायला आलास काय?”

अंगणातल्या बाया-माणसांनी ते ऐकलं. कोणी हसलं नाही, आणि ते हसण्याहून वाईट होतं. ज्यांनी पितांबरच्या भोंग्यावर इतकी वर्षं जेवणाच्या शिदोऱ्या सोडल्या होत्या त्यांच्याही डोळ्यांत त्या दिवशी त्याला शंका दिसली. माणसं मेली होती, नाव तेच होतं, साहेबाने कागद नेला होता. आगीशिवाय धूर कसा निघेल? तो हंगाम पितांबरने कसाबसा काढला आणि जीन सोडलं. दुसऱ्या जिनांत जाऊन पाहिलं. सगळीकडे एकच प्रश्न, “तोच ना तू?” मग तो लोकांच्या केळीच्या बागांत रोजाने जाऊ लागला. भावांच्या बागेत तो गेला नाही. भावांनीही आग्रह केला नाही.

मुंबईला अर्ज गेले. पोलिसपाटलाचा दाखला जोडला, तलाठ्याचा जोडला. उत्तर आलं की चौकशी चालू आहे. मग तेही येईनासं झालं.

अशी दोन वर्षं गेली. एका शनिवारी जळगावच्या बाजारात त्याला अभिमन भेटला. अभिमन फिटर होता, जिनांची यंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरणारा. पितांबरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काय रे, धुळ्याला लागला म्हणे, आणि आम्हाला पत्ता नाही! परवा तिथल्या मॅनेजरनेच सांगितलं, असोद्याचा पितांबर पाटील आमच्या बॉयलरवर आहे म्हणून. तू सुट्टीवर होता वाटतं त्या दिवशी.”

पितांबरने पिशवी खाली ठेवून जिनाचा पत्ता विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी तो एस.टी.ने धुळ्याला गेला. वाटभर त्याने मनात वाक्यं जुळवली. थेट मॅनेजरसमोर उभं राहायचं, म्हणायचं, हा चोर आहे, याने माझं नाव खाल्लं. मग आठवायचं की नाव तर त्याचंही तेच आहे, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागायचं.

जिनाच्या फाटकाशी त्याने बॉयलरची खोली विचारली आणि आधी तिकडेच गेला. दार सताड उघडं होतं. बॉयलरपासून होता होईल तितका लांब, उंबऱ्याला चिकटून, एक माणूस स्टुलावर बसला होता. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू आक्रसून चकचकीत झालेली, त्या बाजूचा कान जवळजवळ नव्हताच. कुठेतरी वाफ फुसफुसली तसा तो दचकून अर्धा उठला आणि पुन्हा बसला. त्याने पितांबरला निरखून पाहिलं.

“तू असोदाना शे,” तो म्हणाला.

“हाव.”

“तू येशी, माले माहीत व्हतं.”

पितांबरने जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. तो एवढंच म्हणाला, “तुम्ही माह्यं नाव सांगितलं.”

“मी मनंच नाव सांगं, भाऊ. जेलमातून सुटनू, कोनी उभं करे ना. आठला मॅनेजरनी मुंबईले इचारं. तठून उत्तर उनं, एक पितांबर झुलालनं सर्टिफिकेट रद्द शे, दुसरानं शाबूत शे. त्यास्ले वाटनं, रद्द ते बॉयलर फोडनारानं, शाबूत ते असोदानानं. माले इचारं, असोदाना का? मी हा म्हनं. तेवढंच खोटं बोलनू.”

“तेवढ्यानंच माह्यं घर बसलं.”

त्या माणसाने मान हलवली. नाकारण्यासाठी नाही, कबूल असल्यासारखी. मग म्हणाला, “माले याना जवळ जावाले भ्याव वाटस. रोज वाटस. पन दुसरं काम माले येत नही.”

दुपारच्या सुट्टीत तो पितांबरला जिनामागच्या आपल्या खोलीवर घेऊन गेला. त्याची बायको कमलबाई दोन लहान मुलींना जेवायला वाढत होती. पाहुणा कोण, हे तिला सांगावं लागलं नाही. तिच्या हातातली परात खाली टेकली. तिने पितांबरपुढे कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला आणि पदर डोक्यावर ओढून कोपऱ्यात जाऊन बसली. खावं की उठून जावं हे पितांबरला कळेना. मुली त्याच्याकडे पाहत होत्या. तो जेवला.

जेवून झाल्यावर त्या माणसाने तांब्यातलं पाणी हातावर घेतलं. “होळीलोंग हंगाम शे. तवलोंग थांब. होळी झायी का मी जळगावले येस, साहेबना म्होरे उभा ऱ्हास. दोन्ही जन सोबत उभा ऱ्हायनूत का कोनले खोटं म्हनता येवाव नही. हाई पानी हातमा लिसन सांगस.”

मॅनेजरची कचेरी फाटकापाशीच होती. निघताना पितांबर तिच्यासमोरून गेला. दारात क्षणभर थांबलाही. आत मॅनेजर कोणाशी तरी बोलत होता. पितांबर पुढे झाला आणि एस.टी. स्टँडची वाट विचारू लागला.

शेवंताबाईने सगळं ऐकून घेतलं. “त्याच्या घरी तुम्ही जेवले?”

“जेवलो.”

“मॅनेजरले कायी सांगितलं नही?”

“होळीनंतर येनार हाये तो. पाणी घेऊन सांगितलं त्यानं.”

शेवंताबाईने चुलीतलं लाकूड उगाच पुढे सरकवलं.

होळी झाली, रंगपंचमी झाली, पाडवा झाला. कोणी आलं नाही. पितांबर पुन्हा धुळ्याला गेला. खोलीला दुसऱ्याच कोणाचं कुलूप होतं. हंगाम संपायच्या आधीच तो माणूस बायको-मुलींना घेऊन निघून गेला होता. कोणी सांगे सुरतेकडे, कोणी सांगे मध्य प्रदेशात. मॅनेजर चिडलेला होता. भर हंगामात बॉयलर बंद पडून त्याचे हाल झाले होते.

“आमचा माणूस न सांगता पळाला,” तो म्हणाला. “असोद्याचा पितांबर पाटील. ओळखता का?”

“मीच असोद्याचा पितांबर पाटील.”

मॅनेजरने त्याच्याकडे वर-खाली पाहिलं. पितांबरने पहिल्यापासून सांगितलं. मॅनेजरने ऐकून घेतलं, कारण ऐकण्यासारखी गोष्ट होती. शेवटी म्हणाला, “अहो, पण खरा कोण आणि खोटा कोण, हे मी कशावरून ठरवू? तो असताना माझ्याकडे आला असतात तर काही तरी झालं असतं.”

मुंबईच्या कचेरीनेही पुढे तेच कळवलं: दुसऱ्या इसमास हजर करावे. दुसरा इसम कुठे आहे हे पितांबरला ठाऊक नव्हतं, पोलिसांना शोधायची गरज नव्हती. चौकशी चालूच राहिली. साहेब बदलून गेले. नव्या साहेबांना सगळं नव्याने सांगावं लागे, आणि दर वेळी सांगताना पितांबरला जाणवे की आपलं बोलणं आपल्यालाच पाठ केल्यासारखं वाटतंय. खोटा माणूस असाच बोलत असेल. मग तो मधेच अडखळे. साहेब त्या अडखळण्याकडे नीट पाहत.

अठ्ठावन्न सालच्या श्रावणात टपालाने जाड लिफाफा आला. फाइल बंद करताना कोणा कारकुनाच्या लक्षात आलं होतं की परीक्षेच्या अर्जांवरची दोन पितांबरांची जन्मगावं निराळी आहेत. एवढंच. सर्टिफिकेट परत केलं होतं. सोबत दोन ओळी होत्या, त्यात दिलगिरी नव्हती.

पितांबर कोपरी चढवून त्याच पावली जळगावला निघाला. जिनाच्या फाटकातून आत गेला तेव्हा अंगणात घणांचे आवाज येत होते. रुपचंदशेठ वारले होते. त्यांच्या मुलाने विजेच्या मोटारी बसवल्या होत्या, आणि बॉयलर भंगारवाल्याला विकला होता. भिंत पाडून तो अंगणात ओढून काढला होता. दिवसाउजेडी तो पितांबरला लहान वाटला.

शेठच्या मुलाने कागद वाचला आणि परत दिला. “बरं झालं, पितांबरभाऊ. उशिरा का होईना.” मग म्हणाला, “या भंगारवाल्यांना बोल्ट सापडत नाहीयेत. तुम्हाला माहीत असतील. येता का चार दिवस? रोज देऊ.”

पितांबरने सर्टिफिकेट घडी करून कोपरीच्या खिशात ठेवलं आणि घण हातात घेतला. चार दिवस तो गेला. कोणता बोल्ट कुठे गंजला असेल हे त्याला खरंच माहीत होतं. भंगारवाल्याची माणसं खूश होती. नळ्या निघाल्या, पत्रे सुटले, भट्टीचं दार निघालं. सगळं बैलगाड्यांत चढलं आणि स्टेशनकडे गेलं.

शेवटच्या दिवशी तो घरी आला तेव्हा हात सुजले होते. शेवंताबाईने गरम पाणी ठेवलं. त्याने घडीचा कागद काढून फळीवर ठेवला, तशी तिने विचारलं, “साहेबानं काय लिव्हलं त्यात?”

“लिव्हलं की तो मी नही.”

“ते त मले पयल्या दिवशीच माहीत व्हतं.”

त्याने हात पाण्यात घातले. ती बाहेर जाऊन वाळत घातलेलं लुगडं घेऊन आली, ते घडी करता करता म्हणाली, “नशिराबादच्या रस्त्याले निंदनी हाये. दोन मानसं पाहिजेत म्हने. तुम्ही येता का उद्या?”

“येतो,” पितांबर म्हणाला.