कस्तुराबाईंची घंटी

आमच्या गारखेड्यातल्या सोसायटीला हवेची केवढी काळजी आहे, हे मला कस्तुराबाईंची चूल विझली तेव्हा कळलं.

कस्तुराबाई सोसायटीच्या भिंतीला लागून पत्र्याच्या खोलीत एकट्याच राहतात. घराणं मेंढपाळांचं. मेंढरं कधीच गेली, थोड्या शेळ्या राहिल्या, त्यांच्या दुधावर बाईंचं पोट. पण उन्हाळा आला की बाईंना दम लागतो, आणि दरसाल जास्तच. शेळ्यांमागं चालणं थांबलं तर खायचं काय, एवढा साधा प्रश्न होता.

अध्यक्ष आप्पासाहेब इथलीच जमीन विकून मोटारींचे धनी झालेले. एप्रिलात चार माणसं घेऊन ते बाईंच्या दारात आले.

"कस्तुराबाई, तुमच्या चुलीचा धूर लई होतोय. सगळी हवा खराब व्हती. तुमालाच दम लागतो का नाय?"

बाईंना पटलं. एक शेळी विकून त्यांनी गॅसची शेगडी घेतली. सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला.

मग दम कमी व्हायला हवा होता ना? उलट वाढला. तेव्हा बाईंनी आपल्या लोकांचा जुना उपाय केला. त्यांच्याकडं खोकणारं मेंढरू वस्तीतून काढतात आणि धुरापासून लांब, मोकळ्या माळावर नेऊन बसवतात. बाई स्वतःच भर दुपारी गावाबाहेरच्या माळावर जाऊन बसू लागल्या. वर निळंशार आभाळ, धुराचा मागमूस नाही. संध्याकाळी परतताना मात्र भिंत धरून उभ्या राहायच्या.

शेवटी मीच त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर विशाखानं छाती तपासली, दुपारी कुठं असता विचारलं आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावला.

"आजी, त्या वेळी तिथंच तर जायचं नाही!"

मग तिनं समजावलं. मोटारींचा धूर, पेट्रोलची न् रंगाची वाफ, जाळलेला कचरा, हे सगळं कडक उन्हात शिजतं आणि त्यातून ओझोन नावाचा वायू तयार होतो. उन्हाळा जितका कडक, तितका तो जास्त. वारा पडला की साठतो आणि दुपारनंतर सगळ्यात वाईट. शहराच्या मध्यावर, क्रांती चौकातल्या गर्दीत, मोटारींचा धूर वाऱ्यावर निघतो आणि माळावर पोचेपर्यंत त्याचं हे विष झालेलं असतं. चूल बंद केली ते बरंच केलं, पण हे काम एका चुलीचं नव्हे.

"म्हंजी धूर दिसत नाय तिथंच जास्त?" बाईंनी विचारलं. "मग माणसानं वळखावं कसं?"

माझं डोकं भडकलं. आमच्या फाटकाशी दुपारभर मोटारी उभ्या असतात, आत एसी हवा म्हणून इंजिन सुरू ठेवून. कोपऱ्यावरून दूध आणायला आम्ही स्कूटर काढतो. आणि तुटून पडलो कुणावर, तर एका म्हातारीच्या तीन दगडांवर! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

बाई पहाटेच शेळ्या चारून आणू लागल्या. जन्म उघड्यावर काढलेली बाई दुपारी दार लावून पत्र्याखाली उकडत बसायची. पण दम जरा उतरला. तोच एका दुपारी आप्पासाहेब हजर. मोटार सुरूच ठेवून खाली उतरले.

"कस्तुराबाई, पहाटं तुमच्या शेळ्यांच्या घंट्या वाजतेत. लोकांची झोपमोड व्हती. काढून टाका बरं त्या."

बाई दार उघडून बाहेर आल्या. म्होरक्या शेळीच्या गळ्यातली घंटी त्यांनी सोडली आणि मोटारीच्या आरशाला बांधायला घेतली.

"अवं, हे काय करताय?"

"जनावर दिसंना झालं तरी कुठं हाय ते कळावं, म्हून घंटी आसती, आप्पासाहेब. माज्या शेळ्या मला दिसत्यात. तुमची मोटार काय सोडती, ते कुणालाच दिसत नाय. ऱ्हाऊ द्या बांधलेली. वाजली की मी दार लावून घीन."

इंजिन सुरूच होतं. आरसा थरथरत होता, त्याबरोबर घंटी बारीक वाजायला लागली. बाई आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.