बहिणीचा कप्पा

पाउलिआसीने हयातभर बेटावरच्या ओहोनुआ बंदराच्या धक्क्यावर ओझी वाहिली. सिमेंट, पीठ, पत्रे, कोंबड्यांच्या पेट्या. बोट रिकामी झाली की बाकीचे तोंड धुवायला जात. हा पुन्हा तळात उतरून कोपरे हाताने चाचपायचा. अर्धं काम म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेलं ओझं, असं त्याचं म्हणणं. धक्का सुटला तरी ही सवय सुटली नाही. सुरणाचे वाफे काढायचा तेही सुतात.

तोआकासे त्याची मोठी बहीण. मिसरूड फुटायच्या आत त्याची चटई घरातून उचलून अंगणातल्या पोरांच्या खोपटात नेली. त्यानंतर दोघं एका छपराखाली कधी बसली नाहीत. बहिणीच्या वस्तूला भाऊ हात लावत नाही, ती असेल त्या खोलीत पाय पसरत नाही. बेटावर सगळ्यांचं असंच. मळ्यातला पहिला सुरण तिच्या दारात जायचा, तिच्याकडून नवी चटई यायची. बोलायचं झालं तर मधे कोणीतरी लागायचं. बहुतेक वेळा सेइनी, तिची मुलगी.

भाचीला मात्र मामाच्या घरात सगळं माफ. सेइनी न विचारता आत शिरायची आणि भांड्यांची झाकणं उघडायची.

"मामा, तुझा मासा मी खाल्ला."

"काटे तरी ठेवलेस का?"

"मांजरीला दिले. ती तुझ्यासारखी कुरकुर करत नाही."

सेइनी पुढे ऑकलंडला नोकरीला गेली. तोआकासे आजारी पडली तेव्हा आईला न्यायला आली. निघायच्या दिवशी तिने मामाच्या हातात आईचा फोन ठेवला.

"आईनं दिलाय. तिला मी नवा घेतला. तुझा तो बटणांचा दगड आता समुद्रात टाक."

बहिणीची वस्तू मागायची नसते, पण तिने दिलेली नाकारायचीही नसते. त्याने फोन घेतला. पहिल्याच दिवशी चुकून त्यातला एक कप्पा उघडला गेला. वर 'डाउनलोड' लिहिलेलं. आत एक फोटो होता. झाडाच्या सालींचं कापड कुटणाऱ्या बायका, कपडे ओलेचिंब, आणि मधोमध तोआकासे हसतेय. तोंड उघडं, डोळे मिटलेले. बहिणीला असं हसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने झटकन कप्पा बंद केला. तो तिचा कप्पा. पुन्हा त्याने तिकडे बोट नेलं नाही.

ऑकलंडहून निरोप यायचे. आज जेवली. आज नाही जेवली. मग एका सकाळी सेइनीने लिहिलं, "मामा, आई तुझ्याशी बोललीय. मला खोलीबाहेर काढलं आणि फोनमध्ये बोलली. पाठवतेय. नीट ऐक."

खाली एक बाण होता. त्याने त्यावर बोट ठेवलं. गोल फिरलं, बाण गेला. आवाज काही आला नाही. पुन्हा बोट ठेवलं तर फोन म्हणाला, इथून हे उघडता येत नाही. त्याने गाण्यांत शोधलं, फोटोंत शोधलं, घड्याळातसुद्धा शोधलं. बहिणीचा कप्पा सोडून सगळीकडे. फोनवर आलेली प्रत्येक वस्तू, त्याचीसुद्धा, त्याच कप्प्यात जाऊन पडते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने कोणाला विचारलं नाही. शोधून देणारा आधी ऐकणार. बहिणीचं बोलणं परक्याच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं.

"पोचलं का?" सेइनीने विचारलं.

"पोचलं," त्याने लिहिलं. खोटं नव्हतं. आत कुठेतरी होतंच ते. सवडीने सापडेल.

पुढच्याच आठवड्यात फोन अडून बसला. जागा भरली, म्हणाला. नवा फोटो येईना, निरोप येईना. तिकडे बहीण अंथरुणाला खिळलेली, आणि इकडे बातमीला दार बंद. तो बोटीने मोठ्या बेटावर, नुकुअलोफा शहरात गेला. तिथे मोसेसेचं फोन दुरुस्तीचं दुकान.

मोसेसेने फोन पाहिला. "आजोबा, बोट बुडायला आलीय. एवढा माल कोणी भरला?"

"माझा नाही. बहिणीचा. तिचा कप्पा आहे तो."

"सगळी अडगळ तिथेच आहे. एकेक उघडून बघतो. कामाचं ठेवू, बाकीचं—"

"उघडायचं नाही." पाउलिआसीने फोनवर पंजा ठेवला. "बहिणीचं आहे म्हटलं ना?"

मोसेसेलाही बहिणी होत्या. त्याने हात मागे घेतला. "मग न बघता कसं निवडू?"

पाउलिआसी बाकावर बसला. तो कप्पा तसाच ठेवला तर तिची खबर येणार नाही. उघडू दिला तर तिचे ओले कपडे, तिचं हसणं हा पोरगा बघणार. त्याने विचार केला आणि म्हणाला, "न बघता सगळं पूस."

"पुसलेलं महिनाभर टोपलीत राहतं. जागा अडवतं."

"टोपलीपण रिकामी कर. अर्धं काम मला चालत नाही."

मोसेसेचं काम संपेपर्यंत पाउलिआसी पाठ फिरवून बसला.

त्यानंतर निरोप सुरळीत आले. शेवटचाही आला.

तोआकासेला गावी आणलं. बहिणीच्या मरणात भावाची जागा मागच्या दारी, भट्टीपाशी. सुतकाची जुनी, फाटकी, गळ्यापर्यंत येणारी चटई कमरेला बांधून तो धुरात डुकरं भाजत होता. घरातून भजनं ऐकू येत होती. सेइनी मागे आली. खाली बसली आणि त्याच्या हातातला सोललेला अळूचा कंद काढून घेतला.

"कच्चाय," ती म्हणाली. "म्हातारा झालास."

"घाई तुला. भट्टीत तरी जाऊ दे."

तिने तो खाल्ला नाही. "मामा, आई काय म्हणाली? सांगायचं नसेल तर नको सांगूस. सगळं ऐकलंस एवढंच सांग."

तो निखारे सारखे करत राहिला. मग कंबरेच्या चटईतून फोन काढून तिच्या मांडीवर ठेवला. "शोध. मला नाही सापडलं."

तिने शोधलं. "इथे डाउनलोडमध्ये असायला हवं होतं. रिकामं कसं?"

त्याने सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचं बोट चालतच होतं.

"टोपली?"

"तीही."

"अरे मामा." बोट थांबलं.

"तुझ्याकडे असेल ना. तूच पाठवलंस."

"आई म्हणाली होती, त्याला पोचलं की तुझ्याकडचं पूस. ते फक्त त्याचं आहे. तू पोचलं लिहिलंस. मी लगेच पुसलं, आणि आईच्या फोनवरचंही. टोपलीसकट." ती फोनकडे बघत राहिली. "तुझीच भाची मी."

डुकराची चरबी निखाऱ्यावर ठिबकत होती. विचारू नये ते त्याने विचारलं.

"दाराबाहेर होतीस ना? काही ऐकू आलं?"

"शब्द नाही कळले. बराच वेळ बोलत होती. मधे एकदा हसली. मोठ्यानं."

पाउलिआसीला तो फोटो आठवला. तोंड उघडं, डोळे मिटलेले. एका नजरेत दिसलं होतं तेवढंच. त्याने ते हसू पुन्हा डोळ्यांपुढे आणलं आणि त्यात आवाज घालून पाहिला. लहानपणचा घातला, तो पोरीचा होता. दुसरा त्याच्याकडे नव्हता.

घरातून कोणीतरी भट्टीकडे हाक दिली. डुक्कर फिरवायला हवं होतं. तो उठला.