दुहेरी बंधाचा पाठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही — थकलोय, एवढंच.

मी भोकरदनच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आता कायम आहे. आधी तासिकेवर होतो, आणि फरहाना मॅडमही तासिकेवरच. जालन्याहून आम्ही एकाच बसने यायचो. मग जागा निघाली — एकच. दोघांनीही अर्ज केला. समितीपुढे पाठ घ्यायचा होता, विषय त्यांनीच दिलेला: अल्कीनपासून इतकी निरनिराळी रसायनं का बनवता येतात?

मला समीकरणं तोंडपाठ होती. पण का बनतात — ते कळलंच नव्हतं. इतकी वर्षं शिकवूनही. बसमध्ये, राजूरच्या अलीकडे, मी मॅडमना विचारलं. आणि त्यांनी सांगितलं! त्याच जागेसाठी अर्ज केलेल्या माणसाला कोण सांगतं असं?

"देखो सर, दोन कार्बनमधी एकेरी बंध असला की तो पक्का. सहजी कुणाला जवळ येऊ देत न्हाई. अल्कीनमधी असतो तसा दुहेरी असला की त्यातला एक पक्का, दुसरा जरा सैल. सैल तेवढा सुटतो, रेणू काही तुटत न्हाई. मंग दोन्ही कार्बनचा एकेक हात मोकळा. पाणी जोडा, अल्कोहोल होतं. क्लोरीन जोडा, दुसरंच काही. एथीन म्हंजे सगळ्यात लहान अल्कीन, त्याचे रेणू एकमेकांनाच जोडत गेले की पॉलिथीन — आपल्या ठिबकची नळी तीच की."

पाठाला माझा नंबर आधी लागला. मी हेच सांगितलं. मोकळे हात, सैल बंध, ठिबकची नळी — सगळं. समिती खूश. नंतर मॅडम आत गेल्या, त्यांनीही हेच सांगितलं. त्यांचंच होतं, दुसरं काय सांगणार?

मग दोघांना एकत्र बोलावलं. अध्यक्ष हसत म्हणाले, "शब्दन् शब्द सारखा आहे. मुळात कुणाचं?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही — मी खरं सांगेन असं धरूनच चालल्या होत्या बहुतेक. आणि मी म्हणालो, "बसमध्ये मी बोललो होतो सर. मॅडमच्या ध्यानात राह्यलं असंल."

"सर?" एवढंच म्हणाल्या त्या. जागा मला मिळाली.

परवा त्या जालन्याच्या स्टँडवर भेटल्या. खासगी क्लासमध्ये शिकवतात. चहा घेतला, घरचं विचारलं. उठता उठता म्हणाल्या, "सर, ते अल्कीनचं मीच सांगितलं होतं ना तुम्हाला? कधी कधी वाटतं, तुमचंच असंल. मलाच भास होऊन राह्यला."

निदान तेव्हा तरी —

मी म्हणालो, "आता इतकं कुठं आठवतं, मॅडम."

मला सगळं आठवत होतं.