साडूंचं टेलिफोनी फ्रेंच

पुण्यात फोनवर सर्वांत कमी बोलणारा माणूस कोण, याचा शोध घ्यायचं कोणी ठरवलं तर तो आमच्या साडूंपाशी येऊन संपेल, आणि साडू त्या शोधणाऱ्यालाही 'बरं, ठेवतो' म्हणून वाटेला लावतील. फोन ही निरोप द्यायची वस्तू आहे, ख्यालीखुशाली विचारायला माणसाने घरी यावं आणि तेही आधी कळवून, असं त्यांचं मत. त्यांच्या साठीच्या शांतीचं आमंत्रणसुद्धा मला 'रविवारी. जेवायला. ठेवतो' एवढंच मिळालं होतं. जेवण कशाबद्दल, हे आम्हाला तिथे गेल्यावर होमाच्या धुरात कळलं.

अशा माणसाला निवृत्तीनंतर फ्रेंच शिकायची बुद्धी झाली. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक पातळ पुस्तक सापडलं. कचेरीतल्या लोकांनी फोनवर फ्रेंचमध्ये काय बोलावं, एवढंच त्यात होतं. कात्रजच्या बसने घरी पोचेपर्यंत साडूंचं पहिलं पान पाठ झालं. त्यातलं प्रत्येक वाक्य अदबीने ओथंबलेलं. 'एस्क जु व्हू देरांज?' म्हणजे 'मी आपल्याला त्रास तर देत नाही ना?' हा प्रश्न साडूंनी मराठीत जन्मात कोणाला विचारला नसेल, पण फ्रेंचमध्ये ते सरावासाठी दिसेल त्या नंबरला विचारू लागले. मंडईतल्या आंबेवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, हापूस संपला, पायरी आहे. साडूंनी पायरी घेतली. 'समोरच्याने उत्तर दिलं म्हणजे संभाषण झालं,' असं वर मला ऐकवलं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण माझी एकुलती एक नात फ्रान्समध्ये असते. मुलगा तिकडे नोकरीला, सून तिकडचीच, आणि सहा वर्षांच्या पोरीचं मराठी 'आबा' आणि 'पोळी' यांच्यापुढे गेलेलं नाही. मी कॉलेजात फ्रेंच शिकलेला माणूस. तिकडचं वर्तमानपत्र आजही वाचतो. पण फोनवर वाक्य मनात जुळवून, तपासून तोंडाशी आणेपर्यंत नात खेळायला पळालेली असते. एका रविवारी साडू आमच्याकडे जेवायला आले असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. मी नेहमीप्रमाणे वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात साडूंनी माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि सरळ कानाला लावला, कारण पुस्तकातल्या चित्रात तो कानालाच लावलेला होता. पलीकडे नातीला पडदाभर कान दिसला. त्या कानाने तिला, एखाद्या मॅनेजरीणबाईंना विचारावं तसं, आपण कोण बोलता, आपल्याला कोणाशी बोलायचं आहे, असं अहो-जाहो करत विचारलं. पोर हसून हसून लोळली.

तेव्हापासून दर रविवारी फोनच्या वेळेला साडू कात्रजहून हजर, आणि नातही फोन लागला की आधी कान मागायची. तिने शाळेत घरच्या माणसांचं चित्र काढलं. त्यात कोपऱ्यात चष्म्यासकट मी आणि मधोमध एक भलाथोरला कान. बायकोला ते चित्र फार गोड वाटलं. मला वाटलं नाही. सरळच सांगतो, मी जळत होतो. साडूंना मूलबाळ नाही, हे मला ठाऊक होतं, आणि तरीही जळत होतो. एकच नात, तीही इतकी लांब, आणि तिचा माझ्या वाटणीचा रविवार हा माणूस पाठ केलेल्या वाक्यांवर घेऊन गेला होता.

गेल्या महिन्यात एका रविवारी साडूंना ताप आला आणि ते आले नाहीत. नातीचा फोन आला. तिने कान मागितला. मला मनातून बरं वाटलं आणि लगेच घाबरायलाही झालं, कारण आता बोलायचं मलाच होतं. जुळवाजुळव करायला वेळ नव्हता. मी फोन कानाला लावला आणि तोंडातून साडूंचंच वाक्य गेलं, जे मी शेजारी बसून रविवारमागून रविवार ऐकलं होतं. ते सध्या जागेवर नाहीत, आपल्याला काही निरोप ठेवायचा आहे का?

ती मॅनेजरीणबाईंच्या थाटात म्हणाली, हो, ठेवायचा आहे. तिचा पहिला दात पडला होता. सफरचंद खाताना कसा हलला, रक्त किती आलं, उंदराने नाणं ठेवून जावं म्हणून रात्री तो उशीखाली कसा ठेवायचा, हे सगळं तिने मला सविस्तर सांगितलं. इतकं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. निरोप नक्की पोचवा, असंही शेवटी बजावलं.

संध्याकाळपर्यंत तो निरोप मी माझ्याजवळच ठेवला. मग साडूंना फोन लावला.

'बोला.'

'तिचा दात पडला. तुम्हाला सांगायला सांगितलंय.'

'म्हणजे तुम्हाला आधी कळलं,' साडू म्हणाले.

'तुम्ही नव्हतात म्हणून.'

'माझं वाक्य वापरलंत?'

'तुमचंच.'

'बरं. ठेवतो.'

पण त्यांनी फोन ठेवला नाही. तापाने जड झालेला त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, 'रक्त फार आलं का हो?' मग मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांना सफरचंदापासून सगळं सांगितलं, सावकाश, काही न गाळता.